उरलेल्या शाली

शाल अजून ताटातच होती आणि बन्सीधरशेठनी मान पुढे केली.

घडलं ते एवढंच. हॉलमध्ये बसलेल्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नसेल. निवेदन करणारा अजून शेठच्या दानशूरपणाचा पाढा वाचत होता, सुमंगलाच्या हातात नारळ होता, शालीची घडी मोडायची राहिली होती, आणि या सगळ्याच्या आधीच ती मान तिच्यापुढे येऊन थांबली होती. गोरी, मांसल, मागच्या बाजूला पावडरचा पट्टा, सोन्याच्या साखळीखाली घामाची बारीक रेघ. जू दिसलं की बैल आपण होऊन मान देतो, तशी. पण बैलाला त्यानंतर काम असतं. सुमंगलानं शाल उचलली, उलगडली, त्या मानेवरून टाकली, टाळ्या वाजल्या. 

सुमंगला टाकळकर परभणीतल्या एका संस्थेची जिल्हा समन्वयक होती. जिल्ह्यातले व्यापारी, मिलवाले, एजन्सीवाले यांना एकत्र बसवायचं आणि पूर, गारपीट असं काही ओढवलं तर लेकरांसाठी कोण काय देणार हे आधीच ठरवून ठेवायचं, हे संस्थेचं सध्याचं काम. कल्पना तशी वाईट नव्हती. सगळं सरकारवर टाकून बसू नये, ज्याच्यापाशी जे आहे ते त्यानं वेळेला बाहेर काढावं, इतका साधा तिचा अर्थ. पण मुंबईहून आलेल्या प्रशिक्षकाच्या तोंडून, पडद्यावरच्या रंगीत वर्तुळांतून आणि दुपारच्या पनीरच्या भाजीतून जाता जाता त्या कल्पनेचं जे काय व्हायचं ते सुमंगलाला बघवत नसे. पडद्यावर मधोमध एक लेकरू होतं आणि त्याच्याभोवती बाणांनी जोडलेले उद्योजक. लेकराचे केस कोरडे होते, नीट विंचरलेले होते, दात पांढरेशुभ्र होते. असलं लेकरू परभणी जिल्ह्यात आपत्तीत तर सोडाच, लग्नातही दिसत नाही. बाहेर आठवडाभर पाऊस लागून राहिलेला. वर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी सकाळीच सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन पडली होती, आणि इथे एसीच्या गारठ्यात ‘पूर आला तर’ या विषयावर गटचर्चा रंगली होती. एका गटानं तक्त्यावर हिरव्या पेनानं होडी काढली होती. होडीत कुणी बसलेलं नव्हतं.

यांना आपण गोळा केलं, हा विचार तिला सगळ्यात जास्त खुपायचा. फोनवर ‘शेठ, तुमच्याशिवाय कार्यक्रमाला शोभा नाही’ असं आपणच म्हणतो, आणि ते म्हणताना आवाजात जे तूप येतं ते नेमकं कुठून येतं हे तिला कळत नसे. मनातल्या मनात ती एकेकाला सोलून काढायची. कापडवाल्याला, जो चादरी देणार होता आणि देणार होता. जारच्या पाण्याच्या प्लँटवाल्याला, ज्यानं आपल्या प्रत्येक जारवर संस्थेचं नाव आधी छापायचं की आपलं यावर अख्खी बैठक खाल्ली. बिस्किटांच्या एजन्सीवाल्याला, मुंबईच्या त्या प्रशिक्षकाला, जो लेकरांना ‘लाभार्थी घटक’ म्हणायचा आणि मधेच पदर सावरावा तसा लॅपटॉप सावरायचा. सगळ्यांना सोलून झालं की तोंडानं म्हणायची, हो शेठ, नक्की शेठ. या दोन्हींमध्ये कधी भांडण झालं नाही. तिरस्कार आतल्या खोलीत, हसू बैठकीत, अशी वर्षानुवर्षांची बिनतक्रार वाटणी होती.

शालींचा आणि तिचा संबंध मात्र या नोकरीच्या फार आधीचा. वडील, माधवराव, जिंतूरला शाळेत मुख्याध्यापक. गावात काहीही असो, गणेशोत्सव, वाचनालयाचा वर्धापनदिन, कुणाची बदली, माधवरावांचा सत्कार ठरलेला. सत्कार झाला की ते शाल अंगावर तशीच ठेवून बाजारपेठेतून चालत घरी यायचे. जवळचा रस्ता असून बाजारपेठेतून. भाड्याच्या दोन खोल्यांत एक पत्र्याची ट्रंक फक्त शालींची होती. डांबराच्या गोळ्या घालून, एकीवर एक, कोणती कुणाच्या हातून मिळाली हे वडिलांना पाठ. एका थंडीत सुमंगलाला ताप चढला होता. सात-आठ वर्षांची असेल. दात वाजत होते, अंगावर होतं नव्हतं ते आईनं घातलं होतं, तरी कापरं थांबेना. आईनं ट्रंक उघडली. तो वास खोलीभर झाला, आणि सुमंगलाला अजून आठवतं, नुसत्या वासानंच तिला ऊब येणार असं वाटलं होतं. वडील दारातून म्हणाले, “ती नको. ती शिक्षणाधिकाऱ्यांनी दिलेली आहे.” आईनं दुसरी उचलली. “तीही नको.” झाकण लावल्याचा आवाज आला, मग आईनं जमिनीवरची सतरंजी उचलून तिच्या अंगावर घातली, सतरंजीला पायाची माती होती. वडील वाईट नव्हते. रात्रभर उशाशी बसले, कपाळावर पट्ट्या ठेवत राहिले. ते गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा शाली जशाच्या तशा होत्या. कसरीनंसुद्धा त्यांना तोंड लावलं नव्हतं. आईनं त्यातली एक फरशी पुसायला घेतली, तर ती पाणीही शोषेना.

टाळ्या थांबता थांबता तिच्या पर्समधला फोन थरथरला. धम्मपाल होता, संस्थेचा पूर्णा तालुक्यातला कार्यकर्ता, नदीकाठच्या सावळी थडी या गावचाच राहणारा. ती व्यासपीठावरून उतरून खांबाआड गेली.

“मॅडम, गावात पानी शिरलं,” धम्मपाल म्हणाला. मागं पावसाचा आणि लेकरांच्या रडण्याचा आवाज एकात एक मिसळलेला. “शाळंत बी शिरलं. बाया आन् लेकरं ट्रॅक्टरवर घातले आन् ठरल्यापरमानं बन्सीधरशेठच्या मिलपाशी आनले. गेटला कुलूप हाय. लिंबाजी वॉचमन म्हनायलाय, मालकाचा हुकूम न्हाई.”

“शेठ इथंच आहेत. थांब जरा.”

“थांबलोच हाव की मॅडम. उघड्यावर थांबलोत. चतुराबाईची नात तापानं फणफणायली, तिला कुठं ठिवावं ते सांगा.”

ताडकळसच्या रस्त्यावर उंचवट्यावर असलेली ती जिनिंग मिल हे संस्थेच्या सगळ्या आराखड्यातलं एकमेव खरंखुरं रत्न होतं. कापूस यायच्या आधी तिचं भलंमोठं शेड रिकामं असतं, पक्की फरशी, वर न गळणारे पत्रे, आत नळ, बाहेर संडास. उन्हाळ्यातल्या पहिल्या बैठकीत शेठ उभे राहून म्हणाले होते, “बिगरहंगामात माझं शेड पुरातल्या लेकरांसाठी खुलं.” हॉलमध्ये असा कडकडाट झाला होता की वेटर भाजी वाढायचे थांबले होते. सुमंगलालाही त्या क्षणी भरून आलं होतं, हे ती आज कबूल करायला तयार नव्हती. आजचा सत्कार त्या वाक्याचा होता. शेड कुणी उघडलं नव्हतं, लेकरू कुणी आत नेलं नव्हतं, पण वाक्य बोललं गेलं होतं, आणि आमच्याकडे वाक्याला शाल मिळते.

शेठ जिलेबीच्या काउंटरपाशी उभे होते. शाल अंगावरच होती. एसीच्या थंडीत त्यांनी ती चक्क पांघरून घेतली होती आणि डाव्या हातानं तिचा काठ कुरवाळत होते. सुमंगलानं सावळी थडीचं सांगितलं. शेठनी चुकचुक केलं, अगदी मनापासून केलं, जिलेबीचा तुकडा तोंडात असल्यामुळे ते जरा ओलसर वाजलं.

“मी कुठं नाही म्हणालो बाई?” ते म्हणाले. “शेड लेकरांचंच आहे. पण कालच धुऊन घेतलंय. गुरुजींनी दसऱ्याचा मुहूर्त काढलाय, वजनकाट्याची पूजा आहे, पहिली गाडी लागणार. त्याच्या आधी शेडात पाय नाही लागू देत आम्ही कुणाचा. माझा मुलगासुद्धा उंबऱ्याबाहेर उभा राहतो.”

“शेठ, तुम्ही बिगरहंगामात देतो म्हणाला होता. कापूस यायला अजून अवकाश आहे.”

“कापसाला अवकाश आहे. हंगाम लागला. शेड धुतलं की आमच्यात हंगाम लागला.” हे त्यांनी लहान मुलीला समजवावं तसं सांगितलं. त्यात लबाडी नव्हती, हेच अवघड होतं. “मुहूर्त होऊ द्या. दुसऱ्या दिवशी लेकरं आणा, मी माझ्या हातानं पेढे वाटतो.”

उन्हाळ्यात त्या हॉलमध्ये बसलेल्यांपैकी कुणी विचारलं नव्हतं की शेठ, तुमचा हंगाम लागतो कधी. कापसाच्या मुलखात हे काय विचारायचं. शेतकऱ्याचा हंगाम बोंड फुटल्यावर लागतो, प्रशिक्षकाचा त्याच्या तक्त्यात लागतो, सुमंगलाचा पाऊस थांबल्यावर लागतो, आणि प्रत्येकानं आपापला हंगाम मनात धरून टाळ्या वाजवल्या होत्या. पाणी मात्र कुणाच्या पंचांगात बघून आलं नव्हतं. तिला हसू आलं, आणि त्या हसण्याची चव कडू होती. ती शेजारच्या टेबलाकडे वळली. कापडवाला म्हणाला, चादरी आहेत हो, पण सगळा माल दिवाळीच्या पेट्यांत बांधलेला आहे, सोडायचा म्हणजे माणसं लागतात, आणि माणसं पावसामुळे आली नाहीत. हे सांगून त्यानं पापड मोडला. प्रशिक्षक म्हणाला, ही फार चांगली केस आहे मॅडम, दुपारच्या सत्रात आपण हिच्यावर चर्चा घेऊ.

तेव्हा तिला वाटलं, बोलावं. इतकी वर्षं आत साठवलेलं सगळं इथे, या पुलावाच्या वासात, माइक हातात घेऊन ओतावं. शब्द तयारच होते. प्रत्येकासाठी वेगवेगळे, घासूनपुसून ठेवलेले. पण तिच्या लक्षात आलं की हे शब्दही वडिलांच्या ट्रंकेतल्या शालींसारखेच आहेत, घडी घातलेले, वासाचे, आणि आजवर त्यांनी कुणाचं कापरं थांबवलेलं नाही. बोलून झाल्यावर हॉलमध्ये शांतता होईल, कुणीतरी पाणी देईल, मॅडमना ताण आलाय म्हणेल. गेटचं कुलूप तसंच राहील. तिचं लक्ष शेठच्या डाव्या हाताकडे गेलं. तो अजून काठ कुरवाळत होता.

“शेठ, एक सांगायचं राहिलंच,” ती म्हणाली, आणि आवाजात ते तूप आलं. या वेळी कुठून आलं ते तिला कळलं. “साहेबांचा निरोप होता. म्हणाले, बन्सीधरशेठसारख्या माणसाचा सत्कार हॉटेलात कसला उरकता. मिलमध्येच करू, लेकरांच्या मधोमध. आज दुपारीच येतो म्हणाले.”

“कोणते साहेब?”

“मोठे साहेब.”

शेठनी जिलेबी खाली ठेवली. बोटं रुमालाला पुसली, एकेक करून. “आत्ताचा झाला तो?”

“तो हॉटेलातला झाला. हा मिलमधला. फोटोग्राफर तेवढा तुम्ही आणलात तर बरं, आमचा पावसामुळे आला नाही.”

मुहूर्त असा मोडला. शेठनी तिच्यासमोरच फोन लावला. “लिंबाजी, गेट उघड. सगळ्यांना आत घे. मुहूर्ताचं मी बघतो, गुरुजींना काय ते सांगतो. सतरंज्या टाक. आणि बायांना म्हणावं, पाय धुऊन आत या.” फोन ठेवून ते सुमंगलाकडे वळले, डोळ्यांत पाणी होतं, खरं पाणी. “लेकरं म्हणजे देवच की हो बाई,” ते म्हणाले. “देवाला कसला मुहूर्त.” आणि आधीच्या शालीचं काय करायचं अशी शंका येऊन त्यांनी ती उतरवून नीट घडी घातली. “ही घरी देवापुढं ठेवतो. तिकडं दुसरी असेलच ना?”

“आहे,” सुमंगला म्हणाली.

शालींना तोटा नव्हता. पावसामुळे निम्मे सत्कारमूर्ती फिरकलेच नव्हते आणि त्यांच्या वाटच्या शाली प्लॅस्टिकच्या पिशव्यांसकट व्यासपीठामागच्या खोक्यात पडून होत्या. ते खोकं तिनं स्वतः उचलून जीपमध्ये टाकलं. रस्त्याला लागल्यावर काचेवर पाण्याशिवाय काही दिसेना. सोयाबीन उभ्यानं पाण्यात होतं, शेतं आणि नाले यांच्यातली ओळख पुसून गेलेली. आपण किती सहज खोटं बोललो, याचं तिला नवल वाटत होतं. पश्चात्ताप शोधला, तो नव्हता. उलट एक हलकं, नको इतकं हलकं वाटत होतं, आणि त्याच्या तळाशी किळस. कारण खोटं चाललं होतं ते शेठ मूर्ख म्हणून नाही. शेठला ती ओळखत होती म्हणून. मान पुढे येण्याचा क्षण तिला ठाऊक होता, लहानपणापासून ठाऊक होता, बाजारपेठेतून चालत येणाऱ्या माणसाचा हात धरून ती तो शिकली होती. ज्याचा तिरस्कार केला त्याच कलेत आपण इतक्या तयार झालो, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. शेठ पोचल्यावर साहेब कुठे आहेत म्हणून विचारतील. त्यांना कळलं की कुणी येणार नव्हतं, तर लेकरं पुन्हा गेटाबाहेर जातील, पाय धुतलेली, पावसात. एवढा एकच विचार त्या प्रवासात तिला पुन्हा पुन्हा थंड करत राहिला.

शेडमध्ये मागल्या वर्षीच्या सरकीचा तेलकट वास होता. धुतलेल्या फरशीच्या कडेनं चुन्याची पांढरी रेघ ओढलेली, मधे वजनकाट्याला नवा नारळ बांधलेला, आणि त्या सगळ्यात माणसं भिंतीला चिकटून बसलेली, मधली फरशी सोडून. कुणी सांगितलं नव्हतं, तरी मधे कुणी बसलं नव्हतं. लिंबाजी सतरंज्या म्हणून जे देत होता ती पोत्यांची तरटं होती. लेकरांच्या अंगावरच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. काहींचे कपडे आयांनी काढून टाकले होते आणि ती उघडी, हात छातीशी घेऊन, न बोलता बसली होती. चादरी येणार होत्या त्या दिवाळीच्या पेट्यांत होत्या. सुमंगलानं खोकं उघडलं. प्लॅस्टिक फाडायचा आवाज शेडभर झाला आणि ती एकेक शाल काढून लेकरांच्या अंगावर टाकत गेली. पिवळ्या, भगव्या, जांभळ्या, जरीच्या खोट्या काठाच्या. पाणी शोषणार नाहीत, निदान वारा अडवतील. धम्मपाल दुसऱ्या टोकानं वाटत आला. “मॅडम, हे चांगलं केलं,” तो म्हणाला, आणि पुढे म्हणाला, “शेठनं गेट कसं उघडलं, मगाशी तर लय मुहूर्त मुहूर्त चालला व्हता?” तिनं त्याच्या हातात आणखी दोन शाली ठेवल्या.

चतुराबाई खांबाला टेकून बसली होती, मांडीवर चार वर्षांची नात, प्रियांका. पोरीचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले, अंग कढत आणि तरी कापरं भरलेलं. सुमंगलानं तिला दुहेरी गुंडाळलं. चतुराबाईनं शालीचा काठ बोटांनी चाचपला. असली शाल तिनं सरपंचाच्या अंगावर बघितली होती, पुढाऱ्यांच्या बघितली होती, एकदा मेलेल्या माणसावर बघितली होती.

“बाई,” तिनं हळूच विचारलं, “आमच्या लेकरायचा सत्कार कामून करायलात तुमी?”

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळायचं होतं. सुमंगलानं पोरीच्या गळ्याशी शाल खोचली, औषध येतंय म्हणून सांगितलं, धम्मपालला ट्रॅक्टर घेऊन ताडकळसहून डॉक्टर आणायला पिटाळलं, आणि दाराशी गाडीचा हॉर्न वाजला.

शेठ कपडे बदलून आले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळावर ताजं कुंकू, मागं छत्री धरलेला माणूस, त्याच्या मागं गळ्यात कॅमेरा अडकवलेला फोटोग्राफर. उंबऱ्याशी त्यांनी बूट काढले, काट्याला नमस्कार केला, आणि मग लेकरांकडे बघितलं. चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांच्या शेडमध्ये इतके रंग कधी आले नव्हते.

“साहेब?”

“निघालेत,” सुमंगला म्हणाली. “रस्त्यात पाणी आहे.”

“बरोबर. पाणी आहे.” शेठ मधोमध उभे राहिले, जिथं कुणी बसलं नव्हतं तिथं. थोडा वेळ गेला. फोटोग्राफरनं लेन्स पुसली, मग घड्याळ बघितलं, म्हणाला, उजेड जातोय. शेठची नजर शेडभर फिरू लागली, आणि सुमंगलाला कळलं ती काय शोधतेय. टेबल शोधतेय. ताट शोधतेय. ताटातली शाल. खोकं रिकामं होतं. त्यांची नजर लेकरांवरून गेली, पुन्हा आली, आणि या वेळी रंगांवर थांबत थांबत आली. समाधान थोडं आटलं. “बाई, सगळ्या वाटल्या?” त्यांनी विचारलं. आवाज शांत होता. दाराशी उभ्या लिंबाजीनं मालकाचा आवाज ओळखला असावा, कारण त्याचा हात कंबरेच्या किल्ल्यांवर गेला. आता विचारतील, कोणते साहेब. आता विचारतीलच.

चतुराबाई उठली. मालक काहीतरी मागतायत आणि ते आपल्यापाशी आहे, एवढं तिला दिसलं होतं, आणि मालकानं मागितलेलं आपल्यापाशी ठेवायची तिला आयुष्यात सवय नव्हती. तिनं नातीच्या अंगावरची शाल सोडवली. पोर कण्हली. ती शाल दोन्ही हातांत घेऊन चतुराबाई फरशीवर, रिकाम्या मधल्या फरशीवर, ओल्या पायांनी चालत आली. “घ्या मालक,” ती म्हणाली. “तुमची आसंल. कुनी दिली तं पांघरली, आमाला काय ठावं.”

आणि बन्सीधरशेठनी मान पुढे केली.

विचार करून केली नसेल. समोर शाल आली, दोन हात आले, मान गेली. चतुराबाईनं ती त्यांच्या खांद्यांवर घातली. मागं खांबाशी प्रियांका उघड्या अंगानं गुडघे पोटाशी घेऊन पडली होती, आणि तिचे दात वाजत होते. तो आवाज सुमंगलानं ओळखला. तोंडाच्या आतून येणारा तो आवाज कसा ऐकू येतो हे तिला माहीत होतं. डांबराच्या गोळ्यांचा वास आला, येणं शक्यच नव्हतं तरी आला, झाकण लागलं, आणि ती पुढे झाली. तिनं शेठच्या खांद्यांवरची शाल दोन्ही हातांनी धरली आणि ओढून काढली. घासूनपुसून ठेवलेल्या शब्दांतला एकही वर आला नाही. पण चेहऱ्यावर काय होतं ते शेठना एक वीतभर अंतरावरून दिसलं असणार, कारण त्यांचे डोळे मोठे झाले. त्याच क्षणी प्रकाश चमकला.

“एक नंबर,” फोटोग्राफर म्हणाला. “मॅडम, अजून एक, जरा इकडं बघून.”

ती वळलीच नाही. शाल घेऊन खांबापाशी गेली, पोरीला गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि तिथंच, तरटावर, बसून राहिली. मागं काय चाललं आहे ते बघायची तिची हिंमत नव्हती. शेठची पावलं दाराकडे गेली, काही बोलणं झालं, गाडी सुरू झाली. किल्ल्यांचा आवाज येईल म्हणून ती कान देऊन होती. आला नाही.

दिवेलागणीला डॉक्टर येऊन, पोरीला तपासून, औषध देऊन गेले. त्यानंतर फोन वाजला. “बाई,” शेठ म्हणाले, आणि थांबले. “साहेबांना जमलं नाही, चालायचंच. पण फोटो फार छान आला हो. सगळीकडं टाकलाय. लोकांचे फोन यायलेत. लेकरं राहू द्या बरं का, पाणी उतरंपर्यंत राहू द्या. मुहूर्त आम्ही दिवाळीच्या पाडव्याचा धरतो.” त्या वीतभर अंतराबद्दल ते काही बोलले नाहीत. फोटो बघितल्यावर त्यांनाही ते आठवेनासं झालं असेल.

फोटो संस्थेच्या ग्रुपवर, तिच्याही फोनवर आला होता. मधोमध पांढऱ्या सदऱ्यातले शेठ, मान किंचित झुकलेली. शेजारी ती, दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर, हातात शाल, कॅमेऱ्याकडे पाठमोरी. मागं रंगीबेरंगी लेकरं. खाली मुंबईच्या प्रशिक्षकाचा मजकूर होता की पुढच्या बैठकीच्या बॅनरवर हाच घेऊ. फोटोत कुठेही खोटं नव्हतं. तिचे हात खरोखर तिथे होते. ओढणारे हात आणि पांघरणारे हात यांत कॅमेऱ्याला फरक करता आला नव्हता, आणि तो फरक तिनं कुणाला सांगितला असता तर पहाटेपर्यंत गेटला कुलूप लागलं असतं.

चतुराबाई तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. बराच वेळ तिनं बघितलं.

“मी तं समोरच व्हते,” ती म्हणाली. “तुमी काढायलात हे मी माझ्या डोळ्यानं बघितलं. पर फोटूत बघून मलाच वाटायलंय, तुमी घातली म्हनून.”

प्रियांकाला घाम फुटला होता. ताप उतरत होता, त्या शालीत तो घाम मुरत नव्हता, नुसता ओघळत होता. सुमंगलानं तो पदरानं टिपला. मग मोकळ्या हातानं फोन उचलला आणि शेठच्या फोटोखाली, बाकी सगळ्यांनी पाठवले होते तसेच, दोन जोडलेले हात पाठवले.